मेहर वेगळा, घर वेगळं, खर्च वेगळा : तलाकच्या वेळी मालमत्तेचा हिशोब कसा मांडायचा?

तलाकचं बोलणं आपल्याकडे बहुतेक वेळा एका खोलीत होतं. दोन्हीकडचे वडीलधारे, जमातीचे चार लोक, एखादे काझीसाहेब. तास-दोन तास आरोप-प्रत्यारोप होतात आणि शेवटी कुणीतरी एक आकडा टाकतं, "पाच लाख देतो, विषय संपवा." मुलीचे वडील थकलेले असतात. आकडा पाचाचा सहा होतो, कागदावर सह्या होतात आणि सगळे आपापल्या घरी जातात.

त्या सहा लाखांत नेमकं काय आलं, हे कुणी विचारत नाही. मेहर आला का? माहेरचं सोनं आलं का? फ्लॅटच्या डाऊन पेमेंटला मुलीने दिलेले पैसे? इद्दतीचा खर्च? पुढची तरतूद? मुलांच्या फीचं काय? सगळं एकाच आकड्यात कोंबलं, की ज्याचा आवाज मोठा त्याचा हिशोब बरोबर ठरतो.

मी शिक्षिका आहे, वकील नाही. पण सातवी-आठवीच्या मुलांना आम्ही बीजगणितात पहिली गोष्ट शिकवतो : सजातीय पदांचीच बेरीज होते, विजातीय पदं वेगळी ठेवायची. तलाकच्या हिशोबाला हाच नियम लावा. तीन कप्पे करा. पहिला, कोणाच्या मालकीचं काय आहे. दुसरा, कोण कोणाचं देणं लागतो. तिसरा, पुढच्या आयुष्याची तरतूद. एका कप्प्यातली रक्कम दुसऱ्या कप्प्यात टाकायची नाही. बहुतेक अन्याय तिथेच होतो.

निकाहाने मालमत्ता एक होत नाही

सिनेमात आणि बातम्यांत आपण ऐकतो, "अर्धी प्रॉपर्टी बायकोला मिळाली." ते काही परदेशांत होतं. भारतात लग्नामुळे नवऱ्याची अर्धी मालमत्ता आपोआप बायकोची होत नाही. शरीअतही मालकी वेगळीच मानते. सूरह निसाच्या ३२ व्या आयतीत पुरुषांच्या कमाईत पुरुषांचा आणि स्त्रियांच्या कमाईत स्त्रियांचा वाटा सांगितला आहे. म्हणजे बायकोचा पगार, तिचं सोनं, तिला वारशात आलेली जमीन, हे तिचं. नवऱ्याचं ते नवऱ्याचं.

ही गोष्ट दोन्ही बाजूंनी कापते. "सोनं घरात आलं म्हणजे घराचं झालं" हे म्हणणं चुकीचं. तसंच "एवढी वर्षं संसार केला म्हणजे त्याच्या फ्लॅटचा अर्धा भाग माझाच" हेही कायद्याने आपोआप होत नाही. तिच्या संसाराची किंमत जिथे मोजली जाते तो कप्पा तिसरा आहे. त्याकडे पुढे येऊ.

पहिला कप्पा : मालकी

*सोनं आणि भेटी.* १९८६ च्या मुस्लिम महिला (घटस्फोटानंतरच्या हक्कांचे संरक्षण) कायद्याचं कलम ३ इथे स्पष्ट आहे. लग्नाआधी, लग्नात किंवा लग्नानंतर तिला नातेवाईकांनी, मैत्रिणींनी, नवऱ्याने किंवा सासरच्या लोकांनी जे दिलं ते सगळं तिचं आहे. डिसेंबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयासमोर पश्चिम बंगालचं एक प्रकरण आलं होतं. निकाहाच्या वेळी वडिलांनी जावयाला दिलेली रोख रक्कम आणि सोनं मुलीला परत मागता येईल का, हा प्रश्न होता. न्यायालयाने याच कलमाच्या आधारे मुलीच्या बाजूने निकाल दिला. त्या प्रकरणात काझीच्या नोंदवहीतल्या नोंदी आणि साक्ष यांवर बराच वाद झाला. म्हणून देण्याघेण्याची यादी निकाहाच्या दिवशीच करा, त्यावर दोन्ही बाजूंच्या सह्या घ्या आणि सोनाराच्या पावत्या सांभाळा.

नवऱ्याने बायकोला हिबा म्हणून दिलेल्या वस्तूंचंही तसंच. दिल्याचं सांगितलं, तिने स्वीकारलं आणि ताबा तिच्याकडे गेला, की हिबा पूर्ण झाला. हनफी असोत की कोकणातले शाफई, दोन्ही मसलकांत पतीने पत्नीला असा पूर्ण केलेला हिबा परत घेता येत नाही. सूरह निसाच्या २० व्या आयतीत तर सोडून देताना पत्नीला आधी दिलेला मोठा खजिनासुद्धा परत घेऊ नका असं बजावलं आहे.

*तिच्या नावावरचा फ्लॅट.* महाराष्ट्रात १ एप्रिल २०२१ पासून फक्त महिलेच्या नावावर घर घेतलं तर मुद्रांक शुल्कात १ टक्का सवलत मिळते. त्यामुळे बरेच जण फ्लॅट बायकोच्या एकटीच्या नावावर घेतात. पुढे बिनसलं की नवरा म्हणतो, पैसे माझे होते, नाव फक्त सवलतीसाठी टाकलं. बायको म्हणते, मला दिला. कायद्यात दोघांनाही बोलायला जागा आहे. बेनामी व्यवहार कायद्यात स्वतःच्या ज्ञात उत्पन्नातून पत्नीच्या किंवा मुलांच्या नावावर घेतलेल्या मालमत्तेला अपवाद ठेवलेला आहे. म्हणून न्यायालय पैसे कुणी दिले, हेतू काय होता, कागद आणि ताबा कोणाकडे होता हे पाहतं. हा वाद टाळायचा असेल तर खरेदीच्या वेळी एक पान लिहा : हा फ्लॅट मी पत्नीला हिबा केला आहे, किंवा यात माझे इतके आणि तिचे इतके पैसे आहेत. त्या एका पानाने पुढची कितीतरी वर्षं वाचतात.

*दोघांच्या नावावरचा फ्लॅट.* सगळ्यात जास्त गोंधळ इथे होतो, म्हणून आकडे घेऊन बघू. समजा, एका शिक्षिकेने आणि तिच्या नवऱ्याने ३० लाखांचा फ्लॅट घेतला. डाऊन पेमेंट ६ लाख, त्यातले ४ लाख नवऱ्याचे आणि २ लाख बायकोने दागिने विकून आणलेले. बाकी २४ लाखांचं कर्ज. तलाक होईपर्यंत हप्त्यांत नवऱ्याने ८ लाख भरले, बायकोने ६ लाख. आज फ्लॅटची किंमत ४५ लाख आणि बँकेचं देणं २० लाख.

नवऱ्याकडचे म्हणतात, "तिचे ८ लाख परत देऊन टाका, झालं." ऐकायला न्याय्य वाटतं, पण हिशोब असा नाही. फ्लॅटमधून कर्ज वजा केलं तर उरतात २५ लाख. दोघांनी मिळून घातले २० लाख, त्यातले नवऱ्याचे १२ आणि बायकोचे ८. प्रमाण ६० आणि ४० टक्के. तर २५ लाखांतले १५ लाख नवऱ्याचे, १० लाख बायकोचे. घर दोघांनी मिळून घेतलं असेल तर किंमत वाढल्याचा फायदाही दोघांचा आणि किंमत पडली तर तोटाही दोघांचा.

हे न्याय्य तडजोडीचं गणित झालं. करारनाम्यात दोघांचे हिस्से आधीच लिहिलेले असतील तर सुरुवात तिथून होते. आणि नवरा हप्ता भरत असताना बायकोच्या पगारातून किराणा, वीजबिल, फी जात असेल, तर तिच्या पैशांनीच त्याचा हप्ता मोकळा झाला हेही मांडायला हवं. बँकेची पासबुकं काढा, दोन रंगांच्या पेनांनी खुणा करा. अर्धा वाद तिथेच मिटतो.

पुढे तीन रस्ते आहेत. फ्लॅट विकून कर्ज फेडायचं आणि उरलेलं वाटायचं. किंवा एकाने दुसऱ्याचा हिस्सा विकत घ्यायचा. किंवा मुलं मोठी होईपर्यंत दोघांच्या नावावर ठेवायचा, पण राहणार कोण, हप्ता-मेंटेनन्स भरणार कोण आणि विकायचा कधी, हे लिहून ठेवायचं.

इथे बँकेला विसरू नका. तलाकनाम्यात "कर्ज नवरा फेडेल" असं लिहिल्याने बँक बायकोला सोडत नाही. कर्जावर दोघांची सही आहे तोवर दोघंही पूर्ण कर्जाला बांधलेले असतात. तो हप्ता चुकला तर तिचाही सिबिल स्कोअर घसरतो. बँकेकडून लेखी मोकळीक घ्या किंवा कर्ज एकाच्या नावावर नव्याने करून घ्या.

मुद्रांक शुल्काचाही विचार वेळेत करा. महाराष्ट्रात पती-पत्नीमध्ये राहतं घर बक्षीसपत्राने दिलं तर मुद्रांक शुल्क २०० रुपये आहे, नोंदणी आणि स्थानिक अधिभार वेगळा. पण ही सवलत पती-पत्नीच्या नात्याला आहे, तलाकनंतर ते नातं राहत नाही. आणि बदल्यात पैसे घेतले तर ते बक्षीस राहत नाही, विक्री होते. न्यायालयात तडजोड होत असेल तर फ्लॅटचा उल्लेख दाव्यातच असू द्या. २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मुंबईतल्या एका जोडप्याच्या तडजोडीत, फ्लॅट त्याच दाव्याचा विषय होता म्हणून, पत्नीच्या नावावर करताना मुद्रांक शुल्क लागणार नाही असं सांगितलं. या बाबतीत दस्त करण्याआधी वकिलाला दाखवाच.

*सासऱ्यांच्या जमिनीवरचं घर.* रत्नागिरी-रायगडच्या गावांत हे दारोदारी दिसेल. मुलगा कुवेतला किंवा दुबईला, दरमहा पैसे येतात, घर उभं राहतं अब्बांच्या नावावरच्या जमिनीवर. घर कितीही मोठं असलं तरी कागदावर ते अब्बांचं. त्यात सुनेलाच काय, मुलालाही आज वाटणी मागता येत नाही. सुनेने स्वतःचं सोनं मोडून त्या घरात पैसे घातले असतील तर तो विषय मालकीचा नाही, देण्याचा आहे. तो दुसऱ्या कप्प्यात येतो. राहण्याचा हक्क मात्र वेगळी गोष्ट आहे. कौटुंबिक हिंसाचार कायदा २००५ मुस्लिम महिलांनाही लागू आहे आणि २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की, घर सासऱ्यांच्या नावावर असलं तरी ते सुनेचं राहतं सामायिक घर असू शकतं. त्याने मालकी मिळत नाही, पण कायदेशीर आदेशाशिवाय तिला बाहेर काढता येत नाही. इद्दतीच्या काळात तिला घराबाहेर काढू नका, हा तर सूरह तलाकचा थेट हुकूम आहे.

*गुंतवणूक.* व्याज नको म्हणून एफडी टाळणारी आपली घरं सोनं, प्लॉट, शेअर, म्युच्युअल फंड किंवा एखाद्या दुकानातली भागीदारी यांत पैसे ठेवतात. यादी करताना हे लक्षात ठेवा :

– नॉमिनी म्हणजे मालक नव्हे. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२३ मध्ये शेअर आणि म्युच्युअल फंडांबद्दल हेच पुन्हा सांगितलं. नवऱ्याच्या फंडात बायको नॉमिनी आहे म्हणून तलाकच्या वेळी तिला त्यात हिस्सा मिळत नाही. तलाकनंतर दोघांनीही विमा, पीएफ, बँक, सगळीकडची नॉमिनीची नावं तपासून घ्यावीत.

– जॉइंट खातं असलं तरी पैसे कुणी भरले हे पाहिलं जातं. खात्यावर "दोघांपैकी कोणीही" असं असेल तर एक जण सगळं काढून घेऊ शकतो. बोलणी सुरू होताच दोघांच्या सहीशिवाय पैसे निघणार नाहीत असं पत्र बँकेला द्या.

– डिमॅट खात्यातून एकाचं नाव नुसतं कमी करता येत नाही. नवं खातं उघडून शेअर तिकडे वळवावे लागतात. म्हणून कोणते शेअर कोणाचे, हे नग मोजून लिहा.

– सगळ्याची किंमत एकाच तारखेची धरा. फ्लॅट आजच्या भावाने आणि सोनं लग्नाच्या वर्षाच्या भावाने, असं चालणार नाही.

– भावाच्या नावावर घेतलेला प्लॉट, भिशीत अडकलेले पैसे, दुकानातला माल, हेही यादीत घ्या. जे यादीत येत नाही ते वाटणीतही येत नाही.

दुसरा कप्पा : देणं

यात पहिला मेहर. मेहर हे नवऱ्यावरचं कर्ज आहे, मेहरबानी नाही. उधार राहिलेला मेहर तलाक होताच द्यावा लागतो. तो मिळाला नाही तर तलाकपासून तीन वर्षांच्या आत दावा करावा लागतो. "बोलणी चालू आहेत" म्हणत ही मुदत निघून जाते, तेव्हा तारीख वहीत लिहून ठेवा. १९३९ च्या कायद्याने बायकोने न्यायालयातून फस्ख घेतला तरी तिचा मेहरचा हक्क त्या कायद्याच्या कलम ५ मध्ये शाबूत ठेवला आहे. त्याच कायद्यात बायकोची मालमत्ता विकून टाकणं किंवा तिच्या मालमत्तेवरच्या हक्कांत अडथळा आणणं हा क्रूरतेचा प्रकार मानला आहे.

दुसरं, संसारात एकमेकांना दिलेलं कर्ज. इथे एक बारीक मुद्दा आहे. बायकोने दहा तोळे सोनं दिलं आणि "परत करीन" असं ठरलं असेल तर देणं दहा तोळ्यांचं आहे. पण तिने सोनं स्वतः विकून रुपये दिले असतील तर देणं रुपयांचं आहे. गेल्या काही वर्षांत सोन्याचे भाव कुठून कुठे गेले हे आपण बघतोय. काय दिलं, तोळे की रुपये, हे लिहिलेलं नसेल तर नुकसान जवळजवळ नेहमी बाईचंच होतं. कुरआनमधल्या सर्वात मोठ्या आयतीत, सूरह बकराच्या २८२ व्या आयतीत, मुदतीचं देणंघेणं लिहून ठेवायला सांगितलं आहे. नवरा-बायकोला त्यातून सूट दिलेली नाही.

तिसरा कप्पा : तरतूद

आता त्या बाईचा विचार करा, जिने वीस वर्षं घर सांभाळलं, पण जिच्या नावावर काहीच नाही. मालकीच्या कप्प्यात तिचं थोडंच निघेल. तिच्यासाठी हा कप्पा आहे. १९८६ च्या कायद्यात इद्दतीच्या आत वाजवी आणि न्याय्य तरतूद करायला सांगितलं आहे. २००१ मध्ये दानियाल लतीफी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने याचा अर्थ स्पष्ट केला : पैसे इद्दतीच्या आत द्यायचे, पण तरतूद फक्त इद्दतीपुरती नाही, तिच्या पुढच्या आयुष्याचा विचार करून करायची. तिच्या गरजा, लग्नात तिचं राहणीमान आणि नवऱ्याची ऐपत, तिन्ही पाहिलं जातं. म्हणून नवऱ्याचा फ्लॅट, शेअर, दुकान यांत तिची मालकी नसली तरी ऐपत ठरवताना ते मोजलं जातं. जुलै २०२४ मध्ये न्यायालयाने पोटगीच्या सर्वसाधारण कायद्याचा रस्ताही तलाकशुदा मुस्लिम महिलेला खुला असल्याचं सांगितलं.

सूरह बकराच्या २४१ व्या आयतीतला मताअ हाच आहे. ही तरतूद रोखच असावी असं नाही. एखादा वन-रूम फ्लॅट, दुकानाचा गाळा, तिच्या नावावर केलेले फंड, काहीही चालेल. मुलांचा खर्च मात्र यात मिसळू नका. तो बापावर वेगळा आहे आणि मुलांचा हक्क आई सही करून सोडू शकत नाही.

काही मुस्लिम देशांनी घरकामाच्या श्रमाचा प्रश्न मालकीच्या कप्प्यातच सोडवला आहे. मलेशियात लग्नाच्या काळात मिळवलेल्या मालमत्तेची वाटणी करताना, कमावता एकच असला तरी घर आणि कुटुंब सांभाळण्याचं दुसऱ्याचं योगदान शरई न्यायालय विचारात घेतं. इंडोनेशियात १९९१ च्या इस्लामी कायद्याच्या संहितेनुसार, वेगळा करार नसेल तर संयुक्त मालमत्ता निम्मी-निम्मी होते. मोरोक्कोत २००४ पासून निकाहाबरोबर मालमत्तेचा वेगळा करार करता येतो. आपल्याकडे असा कायदा नाही, पण निकाहनाम्यात शर्त लिहायला मनाई नाही. "लग्नानंतर घेतलेल्या घरात दोघांचा निम्मा हिस्सा" ही एक ओळ निकाहाच्या दिवशी लिहिता येते.

खुला घेताना सावध राहा

खुलामध्ये बायको मेहर सोडते किंवा परत करते, हे बऱ्याचदा ठरतं. पण जे ठरलं तेवढंच सुटतं. तिचा पगार, माहेरचं सोनं, फ्लॅटमधला तिचा हिस्सा हे खुलाने आपोआप जात नाही. अडचण त्या छापील वाक्याची आहे : "माझा कोणताही हक्क राहिलेला नाही." मुली सुटका हवी म्हणून त्यावर सही करतात. त्या वाक्याऐवजी काय सोडलं आणि काय सोडलेलं नाही याच्या दोन याद्या लिहा. आणि एका दमात दिलेला तिहेरी तलाक २०१९ च्या कायद्याने रद्दबातल आहे. त्याच्या जोरावर घाईने वाटणीच्या कागदावर सही करू नका.

बैठकीला जाताना

दोन्ही कुटुंबांनी तीन कोरी पानं घेऊन जावं. पहिल्यावर मालकी, दुसऱ्यावर देणं, तिसऱ्यावर तरतूद आणि मुलांचा खर्च. सोबत निकाहनामा, सोन्याच्या पावत्या, फ्लॅटचा करारनामा, कर्जाचं स्टेटमेंट, पासबुकं. प्रत्येक पानाची बेरीज वेगळी करा. मग कुणाला उदार व्हायचं असेल तर जरूर व्हावं. एकमेकांशी भलेपणाने वागायला विसरू नका, हे तलाकच्याच आयतींमध्ये सांगितलं आहे. पण आपला हक्क किती हे कळल्यावर सोडला तर ते औदार्य. न कळता सुटला तर ती फसवणूक.

जमातीत मिटलं नाही तर कौटुंबिक न्यायालय आहे. पती-पत्नीमधले मालमत्तेचे दावेही तिथे चालतात. १९८६ च्या कायद्याखालचा मेहर, सोनं आणि तरतुदीचा अर्ज मॅजिस्ट्रेटकडे करता येतो. वकिलाची ऐपत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा. महिलांना तिथे उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो.

ज्यांचा संसार सुखाने चालला आहे त्यांनीही हे वाचून बाजूला ठेवू नये. याच आठवड्यात कपाटातून निकाहनामा काढा. मेहर दिला आहे की बाकी आहे, ते पाहा. घरात कोणाचे किती पैसे लागले, ते दोघांनी बसून एका वहीत लिहा आणि सह्या करा. अल्लाहने केलं तर त्या वहीची गरज कधीच पडणार नाही.